झाकणाचा खटका

एखादी वस्तू निकामी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती सर्वांगांनी निकामी झालेली असते असे क्वचितच घडते. छत्रीचे कापड शाबूत असते, पण खटका लागत नाही. पिशवी धडधाकट असते, पण तिची साखळी सरकत नाही. घरातील ट्रान्झिस्टरचेही असेच. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांतून एके काळी रात्रीच्या वेळी मध्यम लहरींवर मुंबई किंवा पुणे केंद्र धरण्याचा जो खटाटोप चाले, तो ज्यांना आठवतो त्यांना रेडिओच्या पोटाभोवती गुंडाळलेला रबरबँडही आठवत असेल. आतील यंत्र ठणठणीत. मोडलेले असे ते केवळ सेलच्या झाकणाचे एक टोक! टीव्हीच्या रिमोटने तोच वारसा पुढे चालविला आहे.

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, ‘स्कॅनर’ नावाचा हातात मावणारा रेडिओ बाळगण्याची हौस पुष्कळांना असते. हा संच एका केंद्रावर स्थिर न राहता अनेक लहरी एकामागून एक चाचपत जातो आणि कोठे बोलणे आढळले की तेथे थांबतो. अग्निशामक दल, विमानांचे चालक, पोलीस यांची जी संभाषणे खुली असतील ती त्यावर ऐकता येतात. असा संच चांगला महाग असतो; पण त्याचे आयुष्य पुष्कळदा ठरते ते सेलच्या झाकणावरील नखाएवढ्या खटक्यावर. तो मोडला की सेल जागचे हलतात आणि संच मुका होतो.

हा खटका नेमका का मोडतो? एका टोकाशी घट्ट धरलेली प्लास्टिकची जीभ, आणि दुसऱ्या टोकाशी खाचेत अडकणारा दात, एवढीच त्याची रचना. झाकण उघडताना ही जीभ वाकते व तिच्या मुळाशी प्लास्टिक ताणले जाते. येथे एक साधे गणित आहे. दात तितकाच सरकवायचा असता जिभेची जाडी दुप्पट केली, तर मुळाशी पडणारा ताणही दुप्पट होतो; उलट लांबी दुप्पट केली, तर ताण चौथाईवर येतो. आठ मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड जिभेचे टोक एक मिलिमीटर वाकविले, तर मुळाशी प्लास्टिक सुमारे साडेतीन टक्के ताणले जाते. तीच जीभ सोळा मिलिमीटर लांब असेल, तर एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे मजबुतीसाठी जीभ जाड करावी हा आपला सहज विचार येथे उलटाच पडतो. जाडपणाने खटका अवघडतो; लांबीने तो लवचीक होतो. परंतु संच जितका लहान, तितकी लांब जिभेला जागा कमी. म्हणून आटोपशीर संचांचे खटके बहुधा आखूड असतात, आणि तेच आधी मोडतात.

दुसरे कारण कोपऱ्याचे. जीभ जेथे झाकणाला मिळते तेथे काटकोनी कोपरा ठेवला, तर सारा ताण त्या एका रेषेवर एकवटतो. कापडाला कात्रीने लहानशी चीर दिली की ते तेथूनच फाटत जाते, हे शिवणकाम करणाऱ्या भगिनींना सांगावयास नको. त्या कोपऱ्याला किंचित गोलाई दिली की ताण विभागला जातो. तिसरे कारण सततच्या दाबाचे. सेलला मागून रेटणाऱ्या स्प्रिंगचा भार काही संचांत झाकणावर, पर्यायाने खटक्यावर, रात्रंदिवस येतो. प्लास्टिकवर असा भार अखंड राहिला की ते हळूहळू सरकते आणि दाताची पकड सैल पडते. त्यात संच हातातून निसटला, तर पेटी जमिनीवर थांबते, पण आतील सेल थांबत नाहीत. पेन्सिल सेल चार असले तरी त्यांचे वजन नव्वद-पंचाण्णव ग्रॅम भरते. तो सारा धक्का झाकणाला सोसावा लागतो.

असा धक्का नेमका कोणत्या वेळी बसेल याचा नेम नसतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ’ या संस्थेची मंडळी पोर्ट ब्लेअर येथे होती. दळणवळणाची नेहमीची साधने कोलमडली असता त्यांच्या बिनतारी संचांवरून बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचली. अशा दिवसांत हातातील लहानशा संचालाही मोल येते. अंधारात, ओल्या हातांनी सेल बदलणाऱ्या माणसाला खटका सहज उघडणारा हवा, पण आपोआप उघडणारा मुळीच नको.

दुसऱ्या बाजूला घरातील लहान मूल आहे. बटनासारखा चपटा सेल मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर त्याच्या विद्युत्प्रवाहाने तेथे दाहक क्षार निर्माण होतो आणि दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकेत अशाच प्रकारे दीड वर्षाची एक बालिका दगावली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. अशा सेलचे झाकण नाणे किंवा हत्यार वापरून, नाहीतर हाताच्या दोन निरनिराळ्या हालचाली एकाच वेळी करूनच उघडावे, अशी त्यामागील अपेक्षा आहे. एकाच खटक्याने प्रौढाला वाट द्यावी आणि बालकाला अडवावे! वाड्याच्या दिंडीदरवाजाकडून आपले पूर्वज याहून वेगळे काय मागत होते?

त्या दरवाजाची आठवण आणखी एका कारणाने होते. कडी किंवा कोयंडा मोडला म्हणून कोणी दरवाजा फेकून दिला नाही. लोहाराकडून नवा घडवून आणला. शाळेत दरवर्षी दिसणाऱ्या कंपासपेट्यांचेही तेच. पत्र्याच्या पेटीची बिजागरी सैल झाली तर पक्कडीने दाबून ती वर्षभर चालते. प्लास्टिकच्या पेटीची जीभ तुटली की पेटीच संपते, कारण जीभ आणि झाकण एकाच साच्यातून एकजीव निघालेले असतात. तुटलेली जीभ डिंकाने सांधावी म्हटले, तर सांधा नेमका वाकण्याच्या जागीच येतो आणि चार दिवसांत निखळतो. माझ्या मते खरा दोष प्लास्टिकचा नाही. जो भाग सर्वाधिक वेळा हाताळला जाणार, तोच बदलता न येणारा करून ठेवायचा, या विचारसरणीचा तो दोष आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमाने, हाती बाळगण्याच्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यालाच सहज काढता-घालता यावी यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली. गोंदाने बंद केलेल्या पेट्यांऐवजी झाकणे परत येणार असतील, तर त्यांच्या खटक्यांचाही विचार व्हावयास हवा.

तोवर गृहस्थाश्रमी माणसाने काय करावे? घेताना झाकण दुकानातच दोन-चार वेळा उघडून पाहावे. जीभ लांब आहे का, तिचे मूळ गोलसर आहे का, झाकण सुटे मिळते का, हे विचारण्यात संकोच नसावा. संच बाहेरून भारित करता येत असेल तर उत्तम. जितके उघडणे कमी, तितके खटक्याचे आयुष्य अधिक. सेल बसविताना आधी स्प्रिंगकडील टोक दाबावे, मग दुसरे; झाकणाने सेल रेटू नयेत. पेट्रोल किंवा रॉकेलने पेटी पुसू नये, त्याने काही प्लास्टिकना तडे जातात. संच महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत. आणि खटका मोडलाच, तर रबरबँडपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले कडे अधिक टिकते. बटन-सेल असलेल्या वस्तूचे झाकण मोडले असेल, तर मात्र ती दुरुस्त होईपर्यंत मुलांच्या हाती देऊच नये. तेथे कडे उपयोगाचे नाही.

एका लहानशा दातावर एवढे लिहावे का, असे कोणी विचारील. परंतु घर चालते ते अशाच लहान दातांवर. ते धरून ठेवतात तोवर त्यांची आठवण होत नाही. म्हणूनच ते मोडण्यापूर्वी त्यांच्याकडे एकदा पाहावे.