पुश सिनेमातली लाल पाकिटं

इयत्ता ४ थी



दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या मोबाइलवर ‘पुश’ नावाचा इंग्रजी सिनेमा पाहिला. तो २००९ साली निघाला. जिथं समजत नव्हतं तिथं मामा अर्थ सांगत होता. मामाला त्यातली मारामारी आवडली. मला त्यातली पाकिटं आवडली. का ते सांगते.

सिनेमा हाँगकाँग शहरात घडतो. त्यातली माणसं दिसायला साधीच, पण त्यांच्या मनात एकेक शक्ती असते. कुणी हात न लावता वस्तू हलवतो. कुणी वस्तू हुंगून तिचा मालक कुठं आहे ते सांगतो. दोन भाऊ तर असे किंचाळतात की मासळीबाजारातल्या काचेच्या टाक्या फुटतात. (बिचारे मासे!) अशा लोकांना पकडणारं एक अमेरिकन सरकारी खातं आहे, डिव्हिजन.

नायकाचं नाव निक. हा क्रिस इव्हान्स, तोच २०११ साली कॅप्टन अमेरिका झाला. पण इथं त्याला साधे फासेसुद्धा नीट हलवता येत नाहीत. जुगारात हरतो आणि उधारी करून बसतो. असा नायक मला खरा वाटला.

कॅसी तेरा वर्षांची आहे. तिला पुढचं दिसतं आणि ते ती वहीत काढते. चित्रं अगदी पहिलीतल्या मुलांसारखी! तिची आई डिव्हिजनच्या कैदेत आहे, तिला सोडवायला ती धडपडते. जास्त दिसावं म्हणून ती मध्येच दारू पिते. ते मला मुळीच पटलं नाही.

सगळ्यात वाईट शक्ती म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात खोटी आठवण घालायची. सिनेमाचं नाव त्यावरूनच आहे. मार बसला तर निदान दुखतं तरी. हे तर कळतच नाही.

आता पाकिटं. शत्रूकडेही पुढचं पाहणारी एक मुलगी असते, सारखी लॉलीपॉप चोखते. आपण मनात काही ठरवलं की तिला ते दिसतं. मग जिंकायचं कसं? निक प्रत्येकासाठी काय करायचं ते कागदावर लिहितो, लाल पाकिटात घालतो, वेळेआधी उघडायचं नाही म्हणून सांगतो आणि स्वतःची आठवण पुसून घेतो. आता त्यालाच माहीत नाही, तर तिला काय दिसणार! म्हणजे एवढ्या शक्त्या असून काम केलं ते लिहिलेल्या कागदानं आणि एकमेकांच्या विश्वासानं. आमच्या वर्गात अशी पाकिटं वाटली तर मधल्या सुट्टीच्या आत निम्मी फुटतील.

मला राग एकाच गोष्टीचा आला. शेवटी कळतं की हा सगळा डाव कैदेतल्या आईनंच फार आधी आखला होता. इतकी हुशार आई, आणि ती कॅसीला भेटलेली दाखवलीच नाही! मामा म्हणाला, पुढच्या भागात दाखवणार असतील. पण पुढचा सिनेमा निघालाच नाही. माझे आईबाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आम्ही भावंडं आजीजवळ राहतो. आई परत येते तेव्हा काचा फुटत नाहीत की काही नाही. ती ट्रकमधून उतरते, गाठोडं खाली ठेवते आणि आधी धाकट्याला उचलते. सिनेमात तेवढं जरी दाखवलं असतं तरी चाललं असतं.