राखीव प्रभाग खुला झाल्यावर

उत्तनच्या शेजारची डोंगरी एकेकाळी ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होती. पुढे ती नगरपालिकेत गेली आणि 2002 साली मीरा-भाईंदर महापालिका झाली. एवढ्या स्थित्यंतरात तेथील स्त्रियांच्या वाट्याला सत्ता किती आली, हे जागा मोजून कळण्यासारखे नाही. राखीव प्रभाग खुला झाला की तेथून निवडून आलेली स्त्री कोठे जाते, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर खाडीपलीकडच्या मुंबईवरून शोधले गेले. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या 1997 व 2002 च्या निवडणुका तपासल्या. आधीच्या खेपेस राखीव असलेल्या आणि मग खुल्या झालेल्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत, सुमारे पाचपट आढळली. ‘आरक्षण उठले की बाई घरी’ या छद्मी भाकिताला हे चोख उत्तर होते. हा निबंध 2009 साली छापला गेला, तो मात्र अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या नियतकालिकात!

वास्तविक या विषयाची पायाभरणी मुंबईतच झाली होती. नीरा देसाई यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात 1974 साली स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र उभे केले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या समितीने स्त्रियांच्या दर्जाविषयीचा अहवाल सादर केला. समितीच्या बहुमताने विधिमंडळांतील आरक्षण नाकारले. वीणा मजुमदार आणि लतिका सरकार यांनी भिन्नमत नोंदवले. 1989 साली, म्हणजे 73 व्या घटनादुरुस्तीपूर्वी, जळगाव जिल्ह्यातील विटनेरला केवळ स्त्रियांची ग्रामपंचायत निवडून आली. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे ते फळ. असे प्रयोग चळवळीच्या इतिहासात जमा झाले. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाने त्यांना पाट दिला तो फार उशिरा, आणि तोही कोपऱ्यातला.

विद्वत्तेची मान्यता मिळाली ती आकड्यांना. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी 2004 साली दाखवले की, सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च होतो. निष्कर्ष मोलाचा आहेच. परंतु पाण्याचा ठराव मांडताना कोण आडवे आले, पतीने की पक्षाने, याचा उलगडा अशा तक्त्यातून होत नाही. त्यासाठी इतिवृत्ते वाचावी लागतात, माणसे गाठावी लागतात. आणि या कष्टांना पदवीच्या बाजारात भाव कमी.

मीरा-भाईंदरमध्ये तर मुंबईची पद्धतही जशीच्या तशी चालणार नाही. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक; येथे 2017 साली 24 प्रभागांतून 95 जण निवडले गेले. एकाच प्रभागात राखीव व खुल्या जागा शेजारी-शेजारी असल्या की पक्षांना सोयीचे होते. स्त्रीला राखीव जागा दिली, खुल्या जागा पुरुषांना मोकळ्या! त्या सभागृहाची मुदत 2022 साली संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल राहिला. या काळात माजी नगरसेविकांकडे नळाच्या तक्रारी घेऊन लोक येत राहिले का, आणि पुढच्या वेळी खुल्या जागेची उमेदवारी त्यांतील किती जणींना मिळाली, हे एखाद्या विद्यार्थिनीने मराठीत लिहून काढावे आणि विद्यापीठाने तो प्रबंध म्हणून स्वीकारावा, एवढे तरी घडण्यास हरकत नसावी.