उत्तर न आलेल्या विनंतीचं काय?

यूपीआयमध्ये पाठवलेल्या विनंतीचं उत्तर लगेच मिळत नाही. आधी फक्त पोच येते. खरं उत्तर नंतर, वेगळा कॉल होऊन येतं. 2016 साली सुरू झालेली ही व्यवस्था आज परतूरच्या मोंढ्यातही रुजली आहे. ऐन पेरणीत गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, दुकानातला साउंडबॉक्स मात्र गप्प राहतो, आणि बियाण्यांच्या बॅगा गाडीत भरायच्या की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. त्या घडीला व्यवहार पार पडलेला नसतो आणि फसलेलाही नसतो. आपण लिहितो त्या बहुतेक असिंक्रोनस कोडमध्ये या तिसऱ्या अवस्थेला जागाच नसते.

रिझर्व्ह बँकेने ती जागा ठेवली आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, वजा होऊनही समोरच्या खात्यात जमा न झालेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानदाराला द्यायच्या रकमेसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. वाट किती पाहायची आणि मुदत उलटल्यावर कोणाला धरायचं, दोन्ही लिहून ठेवलेलं. आपल्या कोडमध्ये किती ‘अवेट’ असे सापडतील?

2009 मध्ये नोड आलं तेव्हा कॉलबॅकमध्ये कॉलबॅक गुंफत जाण्याची सवय सर्वांना लागली. 2015 मध्ये प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या मानकात आलं, 2017 मध्ये असिंक-अवेट. सी शार्पमध्ये ते 2012 पासूनच होतं. कोड वरून खाली सरळ वाचता येऊ लागला, आणि हा फायदा फार मोठा आहे. पण त्याच सरळपणामुळे वाट पाहणं डोळ्यांआड गेलं.

प्रॉमिस.रेस घ्या. एका बाजूला बँकेचा कॉल, दुसऱ्या बाजूला दहा सेकंदांचा टायमर. टायमर आधी संपला की आपण एरर दाखवून मोकळे होतो. बँकेचा कॉल मात्र थांबलेला नसतो. तो चालूच राहतो, कदाचित यशस्वीही होतो, आणि त्याचं उत्तर ऐकायला कोणी उरलेलं नसतं. प्रॉमिस.ऑलचंही तसंच: एक काम फसलं की आपल्याला एरर मिळते, बाकीची कामं मागे बेवारस चालत राहतात.

म्हणूनच नॅथॅनियल स्मिथ यांनी 2018 मध्ये मांडलेली स्ट्रक्चर्ड कन्करन्सीची बाजू आम्हाला पटते. ज्या ब्लॉकमध्ये काम सुरू झालं, ते संपल्याशिवाय त्या ब्लॉकमधून बाहेर पडायचं नाही. पायथन 3.11 मधला टास्कग्रुप हेच करतो: एक टास्क फसला की उरलेल्यांना रद्द करतो, ते खरोखर थांबेपर्यंत थांबतो आणि मगच एरर वर पाठवतो. कोटलिनच्या कोरूटिनमध्येही हीच शिस्त आहे. जावास्क्रिप्टमध्ये ती आपल्यालाच बांधावी लागते, अबॉर्ट कंट्रोलर हाताशी घेऊन. नव्या प्रकल्पात भाषा निवडताना हा मुद्दा वेगाच्या आकड्यांइतकाच तोलला जावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र ही शिस्त आपल्या प्रोसेसच्या सीमेपर्यंतच चालते. आपण टास्क रद्द केला म्हणून पलीकडच्या बँकेतली नोंद पुसली जात नाही. टाइमआउट म्हणजे नकार नव्हे. टाइमआउट झाल्यावर पुन्हा पैसे पाठवणारा रिट्राय लिहिला, तर गिऱ्हाइकाची रक्कम दोनदा वजा होऊ शकते. आधी पहिल्या व्यवहाराची स्थिती विचारायची. तरीही विनंती पुन्हा पाठवावी लागलीच, तर ती त्याच व्यवहार क्रमांकाने, आणि पलीकडची यंत्रणा तो क्रमांक ओळखून दुसरी नोंद टाळते याची खात्री करून. तो क्रमांक पहिली विनंती निघण्यापूर्वीच डेटाबेसमध्ये लिहिलेला हवा. सर्व्हर मध्येच बंद पडला तर मेमरीतलं प्रॉमिस त्याच्याबरोबर जातं, आणि काय विचारायचं होतं हेही मग कोणाला सांगता येत नाही.