नाव सांगण्याआधी

दिवाळी सरली की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात थंडीचे पाहुणे उतरतात. त्यांत एक चिमणीहून लहान, तपकिरी पाठीचा, शेपटी सारखी वर उचलणारा पक्षी असतो. उडताना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. हा माशीमार. मुले लगेच विचारतात, "नाव काय याचे?" आम्ही म्हणतो, आधी नीट पाहू या.

माशीमारांच्या अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात. काही जोड्या सोप्या आहेत. टिकेलचा निळा माशीमार उद्यानात बारमाही राहतो. त्याचा गळा व छाती नारिंगी असते. निळ्या गळ्याच्या माशीमाराच्या नराचा गळा नावाप्रमाणे निळा असतो आणि नारिंगी रंग छातीवर सुरू होतो. मादी निळसर दिसली तर ती टिकेलची, कारण दुसऱ्याची मादी तपकिरी असते.

कठीण जोडी आहे लाल छातीचा माशीमार आणि तैगा माशीमार यांची. पहिला पूर्व युरोपाच्या बाजूने आपल्याकडे येतो. दुसरा सैबेरियाचा, तो मुख्यतः पूर्वेकडे उतरतो. पूर्वी दोघांना एकच जात समजत. माद्या आणि लहान नर यांचा गळा लाल नसतो, म्हणून रंगावर विसंबून चालत नाही. पाहायच्या खुणा तीन. चोच: लाल छातीवाल्याच्या खालच्या चोचीचे मूळ फिकट असते, तैगाची चोच जवळपास सगळी काळी. शेपटीच्या मुळावरची पिसे: तैगाची शेपटीहूनही काळी, दुसऱ्याची तपकिरी. आवाज: लाल छातीवाल्याची 'टिर्र्र' सावकाश, तैगाची जलद आणि कोरडी. आणखी एक गोष्ट, तैगाच्या नराचा लाल गळा हिवाळ्यात जातो आणि वसंताच्या सुमारास परत येतो. लाल छातीच्या प्रौढ नराचा मात्र टिकून राहतो.

एवढे बारकावे कशासाठी, असे कोणी विचारील. डॉ. सलीम अली यांची गोष्ट आठवावी. खेतवाडीत मामांकडे वाढलेल्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असा पक्षी मुसलमानाला खाणे जायज आहे का, हे विचारायला तो मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेला. मामांना तो पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी अंदाजाने काही न सांगता 1908 मध्ये चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्ड यांनी कपाटाचे खण उघडून जतन केलेले पक्षी दाखवले आणि नाव सांगितले, पिवळ्या गळ्याची चिमणी. मामांनी "चिमणीच आहे" म्हणून विषय मिटवला असता, तर पुढची वाट कदाचित उघडली नसती.

इमाम मालिक (रह.) कितीतरी प्रश्नांना "मला माहीत नाही" असे उत्तर देत, हे आपण ऐकलेले आहे. त्याने त्यांचे इल्म कमी ठरले नाही. आज मोबाईल फोटो पाहून क्षणात नाव सांगतो आणि मुले ते तसेच नोंदवतात. पण नोंद ही अमानत आहे. कोणता पक्षी कुठे व केव्हा आला, हे अभ्यासक अशाच नोंदींवरून ठरवतात. चुकीचे नाव पुढे कितीजणांना चकवील, सांगता येत नाही.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याची आणि गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. टोपी किंवा बुरखा पाहून कोणी आपल्याबद्दल मत बनवले की आपल्याला बोचते. मग गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचे कपडे आणि आडनाव यांवरून आपणही त्याला ठरवून टाकू नये. ही सवय मुलांना केवळ सांगून लागत नाही, ती हाताला लावावी लागते. पक्षी पाहणे त्यासाठी चांगले.

घरी एक साधी वही करा. तारीख, जागा, चोच, शेपटीचे मूळ आणि आवाज असे रकाने आखा. नावाचा रकाना सगळ्यांत शेवटी ठेवा. खात्री नसेल तर तिथे "माशीमार, जात ठरली नाही" एवढेच लिहू द्या आणि त्याबद्दल मुलाला शाबासकी द्या. उद्यान सोमवारी बंद असते. रविवारी फजरनंतर निघालात तर ऊन चढण्याआधी बरेच पाहून होते.