नजरेचीही मजुरी असते

मैत्रिणींनो, मार्गशीर्षात चौलच्या दत्ताच्या जत्रेला जाता ना? तिथं एखादीचं निरखून बघा. शंभर कानातल्यांच्या ढिगातून ती नेमकं वेगळं दिसणारं एकच उचलते. बरोबरच्या बायका म्हणतात, "अगं, आम्हाला कसं नाही दिसलं?" ही नजर सगळ्यांकडे नसते. आता अशा मैत्रिणी इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅपवर स्वतःचं दुकान मांडून बसल्यात. गमतीशीर किल्लीचे गोंडे, मण्यांच्या माळा, राखीपौर्णिमेच्या भेटी, असं निवडून आणलेलं सामान त्या विकतात.

आपल्या किनाऱ्याला व्यापार काही नवा नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात चौल बंदराचा 'सेमुल्ला' म्हणून उल्लेख आहे. तरीही बाईनं दुकान काढलं की घरात शब्द निघतो, 'हौस आहे तिला!' आणि खरी गोम अशी, की ती स्वतःही किंमत हौसेचीच लावते.

हिशेब करून बघू. धरा, मांडव्याहून बोटीनं मुंबईला गेलात आणि भुलेश्वरातून 30 वस्तू आणल्या. एक 80 रुपयांना पडली. जाण्यायेण्याचा खर्च 600, म्हणजे वस्तूमागे 20. डबी, कागद, चिठ्ठी मिळून 15. काही तुटतात, काही पडून राहतात, त्याचे 10. झाले 125. टपालखर्च गिऱ्हाईक देतं असं समजू. तुम्ही विकता 150 ला. उरले 25! फोटो काढणं, 'ताई, दुसरा रंग आहे का?' याला दहादा उत्तर देणं, बांधणं, पोस्टात रांग लावणं, यात एका वस्तूमागे तास सहज जातो. तासाला 25 रुपये कोणती कामवाली घेईल? आणि मुंबईत उन्हातान्हात फिरून निवड केलीत, त्याचं काय? त्याचे तर शून्य!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, निवडीचे पैसे लावा. तीच वस्तू 225 ला ठेवा. 'महाग आहे' म्हणणारी एखादी जाईल, जाऊ दे. जी तुमच्या नजरेसाठी येते, ती थांबेल. मात्र तिला फसवू नका. बाहेरून आणलेला माल 'कोकणची कला' म्हणून खपवायचा नाही. आणि शंखशिंपल्यांचं जपून, बरं का! 2001 मध्ये कित्येक जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळालं. जो शंख ओळखता येत नाही, तो विकूच नये.

कागदपत्रांना घाबरू नका. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका. स्वतःच्या दुकानातून माल राज्यातल्या राज्यात विकत असाल, तर साधारणपणे वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. परराज्यात पाठवायचा असेल तर लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना त्यात सूट आहे. एकदा जाणकाराला विचारून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कुठं जमा होतात? पुष्कळ जणींच्या दुकानाचा क्यूआर कोड नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्याचा असतो. भांडण नको, पण खातं आपलं हवं. वर्षाच्या शेवटी आपण किती कमावलं, हे आपल्याला कळायला नको का?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ लावली, तरी सुपारी हाती यायला वर्षं जातात. अशा वेळी घरात येणारे चार पैसे कुणी हौसेचे म्हणत नाही.

तेव्हा आज रात्री एक वही घ्या. खर्चाच्या यादीत एक ओळ वाढवा, 'माझी मजुरी'. ती भरल्याशिवाय किंमत लिहू नका.