नोंद रुग्णासोबत गेली पाहिजे

चेन्नईच्या रुग्णालयांत बंगाल, ओडिशा, ईशान्येकडची राज्ये, अगदी बांगलादेशातूनही रुग्ण येतात. शहराचा लौकिकच तसा आहे. सेंट्रल स्थानकासमोरच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयाचे मूळ १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात सुरू झालेल्या दवाखान्यापर्यंत जाते. अड्यारचे कॅन्सर इन्स्टिट्यूट १९५४ चे, शंकर नेत्रालय १९७८ चे, ग्रीम्स रोडचे अपोलो १९८३ चे. संगणकही इथे नवे नाहीत. जागतिक बँकेच्या मदतीने २००५ मध्ये सुरू झालेल्या तमिळनाडू हेल्थ सिस्टिम्स प्रोजेक्टमधून सरकारी रुग्णालयांचे संगणकीकरण झाले, खासगी रुग्णालयांनी तर ते आधीच सुरू केले होते. एवढे असूनही एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात आजही तीच प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, घडी पडून फाटलेला ईसीजी, स्कॅनची सीडी आणि फिकट झालेल्या पावत्या असतात. पिशवीत एखादा कागद नसला की तीच रक्ततपासणी पुन्हा, तोच स्कॅन पुन्हा, पैसे पुन्हा. संगणक आले, पण नोंद जिथल्या तिथेच राहिली. याला तंत्रज्ञान कमी पडले असे कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. नोंद पुढे पाठवण्याची सक्ती कायद्याने रुग्णालयांवर केलेली नाही, हे खरे कारण आहे.

तंत्रज्ञानाचा मुद्दा आधी निकाली काढू. मधुमेहाच्या रुग्णाची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी एक प्रयोगशाळा ‘एचबीएवनसी’ म्हणून छापते, दुसरी ‘ग्लायकेटेड हिमोग्लोबिन’ म्हणून. एकीकडे आकडा टक्क्यांत, दुसरीकडे कदाचित वेगळ्या एककात. डॉक्टरला दोन्ही कळतात, संगणकाला या दोन वेगळ्या तपासण्या वाटतात. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक तपासणीला, निदानाला आणि औषधाला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देणारे कोश तयार झाले. यंत्रांनी नोंदी परस्परांना कोणत्या साच्यात पाठवायच्या, हे ‘फायर’ नावाच्या मानकाने ठरवून दिले. भारत यात मागे नाही. केंद्र सरकारने आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. २०१४ मध्ये भारत ‘स्नोमेड’ या वैद्यकीय संज्ञाकोशाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, त्यामुळे देशात तो कोश विनामूल्य वापरता येतो. या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. म्हणजे दोन रुग्णालयांच्या यंत्रणांनी एकमेकींची नोंद वाचावी, ज्याला इंटरऑपरेबिलिटी म्हणतात, त्याची तांत्रिक तयारी दहा वर्षांपूर्वीच झालेली आहे.

त्या तयारीवर पुढची इमारतही उभी राहिली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्यातले चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्यखात्याचे क्रमांक, सत्तर कोटींहून अधिक लोकांना मिळाले. योजनेची रचना विचारपूर्वक केलेली आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात ओतल्या जात नाहीत, जिथे तयार झाल्या त्या रुग्णालयातच राहतात. नव्या डॉक्टरला त्या हव्या असतील तर रुग्णाच्या मोबाइलवर विचारणा येते: कोण मागतो आहे, कशासाठी, कोणत्या काळातल्या नोंदी, किती दिवसांसाठी. रुग्णाने होकार दिला तरच नोंद पुढे जाते. हे सारे उत्तम आहे, पण नोंदी जोडणे रुग्णालयाच्या मर्जीवर सोडले आहे. क्रमांक काढून देणे सोपे असते, मोहिमा राबवल्या की आकडा फुगतो. आपण मात्र हातात आलेल्या क्रमांकालाच नोंद समजून बसलो आहोत. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्ड ठरलेल्या साच्यात आभाशी जोडले नाही, तर ते चौदा आकडे म्हणजे पैसे नसलेले बँक खाते.

रुग्णालये नोंदी का जोडत नाहीत? कारण न जोडल्याने त्यांचे काही बिघडत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या आहेत. पण कोणत्या रूपात द्यायच्या याचे बंधन नाही, म्हणून झेरॉक्सचा गठ्ठा दिला की नियम पाळला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढून तीन वर्षांत नोंदी पूर्ण डिजिटल करण्याचे बंधन घातले, आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. वैयक्तिक विदेच्या कायद्याच्या २०१९ च्या मसुद्यात आपली माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वळवून घेण्याचा हक्क होता, २०२३ च्या कायद्यातून तो गळाला. दुसरीकडे, तमिळनाडूच्या मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेतून किंवा खासगी विमा कंपनीकडून पैसे मिळवायचे असले की हीच रुग्णालये निदान, तपासण्या आणि डिस्चार्ज कार्ड पोर्टलवर तत्परतेने चढवतात. पैसे देणाऱ्याकडे नोंद लगेच जाते, ज्याच्या शरीराची ती नोंद आहे त्याला खिडकीवर अर्ज करावा लागतो. या तफावतीमागे रुग्णालयाचा हिशेब स्पष्ट आहे: नोंद आपल्याकडे अडकली की रुग्णही आपल्याकडेच परत येतो. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने अब्जावधी डॉलर खर्चून रुग्णालयांना संगणकीय नोंदींकडे वळवले आणि मग लक्षात आले की नोंदी अडवून धरल्या जात आहेत. शेवटी २०१६ च्या ‘क्युअर्स’ कायद्याने नोंद अडवण्यालाच मनाई करावी लागली. नुसत्या अनुदानाने नोंदी मोकळ्या होत नाहीत, हा त्या खर्चाचा धडा आपल्याला फुकटात मिळाला आहे.

बंधन घातले की काय होते, याचा पुरावा खुद्द चेन्नईत आहे. २००८ मध्ये तमिळनाडू सरकारने आदेश काढून मेंदूमृत व्यक्तींच्या अवयवदानाची व्यवस्था लावली. अवयव कोणाला मिळणार हे सामाईक प्रतीक्षायादीवर ठरू लागले. ज्या रुग्णालयाला प्रत्यारोपण करायचे आहे त्याने आपल्या रुग्णाचा रक्तगट आणि इतर तपशील सामाईक नोंदणीत देणे भाग पडले. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेली खासगी रुग्णालये आणि सरकारी रुग्णालये एकाच यादीत आली, आणि अवयवदानात तमिळनाडू देशापुढचे उदाहरण ठरले. दुसरा दाखला कर्करोगाचा, नोंद आपोआप पुढे येत नसली की काय करावे लागते याचा. मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, चेन्नईत अड्यारच्या इन्स्टिट्यूटने १९८२ पासून ती चालवली. या नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी जाऊन केसपेपर उतरवून घेतात, मृत्यूचे दाखले पडताळतात, एकच रुग्ण दोनदा मोजला गेला नाही ना हे नाव, वय आणि पत्ता जुळवून पाहतात. कोणत्या भागात कोणता कर्करोग वाढतो आहे हे आपल्याला कळते ते या चिकाटीमुळे. तिसरा दाखला गर्भवतींचा. ‘पिक्मे’ या राज्याच्या प्रणालीत गर्भवतीची नोंद होते, तिला बारा आकडी क्रमांक मिळतो आणि बाळंतपण सरकारी दवाखान्यात होवो वा खासगी, बाळाच्या जन्मदाखल्यासाठी तो क्रमांक लागतो. नोंदीची साखळी जोडली जाते खरी, पण इथे सक्तीचा भार आईवर आहे. मला हवी असलेली सक्ती रुग्णालयावरची आहे. आभा क्रमांक नाही म्हणून कोणावरही उपचार नाकारले जाऊ नयेत, ही अट कायम राहिली पाहिजे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप गोपनीयतेचा आहे आणि तो हलक्यात घेता येणार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तिथले काम कागदावर चालले. २०२४ मध्ये चेन्नईतच मुख्यालय असलेल्या स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती, वैद्यकीय अहवालांसह, टेलिग्रामवर मिळू लागली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांची नोंद बाहेर फुटली तर माणसाची नोकरी जाते, घर मोडते. तरीही या घटनांतून निघणारा निष्कर्ष नीट पाहिला पाहिजे. दोन्ही ठिकाणी फुटले किंवा ठप्प झाले ते एकाच जागी साठवलेले मोठे भांडार होते. नोंद जिथली तिथे ठेवून संमतीने तेवढाच भाग पाठवणे हा त्याहून सुरक्षित मार्ग आहे. आज सर्रास चालणाऱ्या व्हॉट्सअॅपवरच्या अहवालांपेक्षा तर नक्कीच, कारण तिथे कोणी, केव्हा, काय पाहिले याची खूणसुद्धा राहत नाही. आक्षेपाचा उरलेला भाग मात्र मान्य केला पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक विदेच्या कायद्याने आरोग्याच्या माहितीला वेगळे, अधिक संरक्षण दिलेले नाही, आणि २०१८ चा आरोग्यविदेच्या सुरक्षेचा मसुदा कायदा होऊ शकला नाही. नोंदी खुल्या करण्याची सक्ती आणि त्या फोडणाऱ्याला जबर दंड, हे दोन्ही एकाच वेळी आले पाहिजेत. विमा कंपनी किंवा मालक यांना उपचारासाठीच्या संमतीआडून नोंदी पाहता येऊ नयेत. बेशुद्ध अपघातग्रस्ताची संमती घेता येत नाही, तेव्हा डॉक्टरला ठरावीक माहिती पाहू द्यावी आणि पाहिल्याची खबर रुग्णाला नंतर मिळावी.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत असते, एका रुग्णाला मिळतात दोन-चार मिनिटे, त्यात टंकलेखन कोण करणार? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतले डॉक्टरही पडद्यावरच्या चौकटी भरण्याने त्रासले, कारण तिथल्या नोंदी बिलासाठी लिहिल्या गेल्या. म्हणून सक्ती मोजक्या कागदांपुरती असावी: डिस्चार्ज कार्ड, प्रयोगशाळेचे आणि स्कॅनचे अहवाल, चालू औषधांची यादी, अॅलर्जी. तपासण्यांचे आकडे यंत्रातून मुळातच डिजिटल निघतात, त्यासाठी डॉक्टरला बोटही उचलावे लागत नाही. पुढच्या डॉक्टरसाठी लिहून ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे आणि या मातीत ती समज जुनी आहे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, डोळ्यांच्या रुग्णांचे केसपेपर लिहून ठेवले गेले, त्यांच्यासोबत आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे काढली गेली. ते कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिले आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला. दोन शतकांपूर्वीचा केसपेपर आजच्या नेत्रतज्ज्ञाला वाचता येतो, आणि गेल्या महिन्यातला केसपेपर दोन किलोमीटरवरच्या रुग्णालयाला उघडता येत नाही, ही स्थिती कोणत्याही डॉक्टरला मान्य होऊ नये. छोट्या दवाखान्यांना खर्च झेपणार नाही हेही खरे आहे. त्यांना अधिक मुदत आणि विनामूल्य सॉफ्टवेअर द्यावे. आधी पाळी मोठ्या रुग्णालयांची आणि प्रयोगशाळांच्या साखळ्यांची लावावी.

तिसरा आक्षेप असा की सरकारी संगणक प्रणाली टिकत नाहीत. महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली प्रणाली पुरवठादाराशी झालेल्या वादात बंद पडली आणि कारभार पुन्हा केसपेपरवर आला. ब्रिटननेही २००२ मध्ये हाती घेतलेला राष्ट्रीय प्रकल्प अफाट खर्चानंतर २०११ मध्ये गुंडाळला. पण दोन्ही ठिकाणी वरून एकच प्रणाली आणण्याचा घाट घातला गेला होता. माझा आग्रह त्याच्या उलट आहे: प्रणाली ज्याने त्याने हवी ती घ्यावी, नोंद बाहेर पाठवण्याचा साचा मात्र सर्वांचा एक असावा. करार संपला तरी नोंदी प्रमाणित रूपात परत देण्याचे बंधन प्रत्येक पुरवठादारावर असले, तर कोणत्याही कंपनीला रुग्णांच्या इतिहासावर बसून राहता येणार नाही.

यासाठी नवी मोहीम किंवा नवे ॲप नको, हाताशी असलेले कायदे वापरले तरी पुरे. तमिळनाडूकडे वैद्यकीय आस्थापनांच्या नियमनाचा १९९७ चा कायदा आणि २०१८ चे नियम आहेत, महाराष्ट्राकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आणि २०२१ चे सुधारित नियम. रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना एकच अट घालावी: रुग्णाने मागितल्यास त्याची नोंद प्रमाणित डिजिटल रूपात, ठरलेल्या मुदतीत, विनामूल्य दिली पाहिजे. सरकारी विमा योजनेचे पैसेही त्याच अटीवर द्यावेत, कारण विमा पोर्टलवर जी नोंद चढते ती रुग्णाला न देण्याचे कोणतेही कारण उरत नाही. ५ ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेतून रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देणाऱ्या तमिळनाडूने ही अट सर्वांत आधी घालावी, कारण दारी जाऊन मोजलेला रक्तदाब रुग्णालयातल्या डॉक्टरला दिसला नाही तर त्या पायपिटीचे निम्मे मोल वाया जाते. महाराष्ट्राने त्यामागोमाग तरी जावे. आणि तोवर वाचकांनी एक करावे. रुग्णालयातून घरी सोडताना बिलाचा हिशेब आपण जसा पैन्‌पै तपासतो, तशीच आपली संपूर्ण नोंद डिजिटल रूपात लेखी मागावी. ७२ तासांचा नियम २००२ पासून अस्तित्वात आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे.