तिला एकटीला पोचता येतं का?

मार खाणाऱ्या बाईला आपण सगळे साधारण एकच सल्ला देतो. सहन करू नकोस, 181 या महिला मदतवाहिनीला फोन लाव, पोलीस ठाणं गाठ, नाहीतर सरळ माहेरी निघून ये. सल्ला खरा आहे. पण फोन लावायचा तर बोलता-ऐकता यायला हवं, ठाणं गाठायचं तर उंबरा ओलांडता यायला हवा. आणि माहेरी निघून कुठं जायचं, जर छळ माहेरीच होत असेल? लग्न न झालेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या कितीतरी दिव्यांग बायका भावाच्या घरात दिवस काढतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 12 लाखांहून जास्त दिव्यांग स्त्रिया नोंदल्या गेल्या. आपला सल्ला यातल्या अनेकींच्या उपयोगाचाच नाही.

त्यांना छळायला हात उचलावाच लागतो असं नाही. कुबड्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवल्या की काम झालं. श्रवणयंत्राचा सेल संपला तर महिनोन्महिने आणायचा नाही. संडासला न्यावं लागतं म्हणून दुपारनंतर पाणी द्यायचं नाही. निराधार योजनेचे पैसे तिच्या नावावर जमा होतात, पासबुक मात्र भावाच्या कपाटात. मानसिक आजाराच्या गोळ्या कधी बंद, कधी गप्प पडून राहावी म्हणून दुप्पट. यातलं काहीच अंगावर वळ उमटवत नाही.

कायद्यानं मात्र यातलं बरंचसं ओळखलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 92 मुद्दाम वाचावं असं आहे. सांभाळ करणाऱ्यानं जाणूनबुजून अन्नपाणी तोडलं, कुणी तिच्या साधनाची मोडतोड केली किंवा तिला ते वापरू दिलं नाही, तर तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैद. आपल्या वरचढपणाचा फायदा घेऊन दिव्यांग स्त्रीचं लैंगिक शोषण करणाऱ्यालाही याच कलमात शिक्षा आहे. प्रश्न एवढाच की तक्रार करायला तिला घेऊन कोण जाणार? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच?

तालुक्याच्या एका ठाण्यात पाहिलेला प्रसंग सांगते. तिशीतली कर्णबधिर बाई आणि सोबत तिचा दीर. हवालदारांनी काय झालं विचारलं, तर तो पुढं सरसावून म्हणाला, "साहेब, तिला बोलता येत नाही. मी सांगतो ना." ती भराभर हातवारे करत होती आणि तो तिच्याकडं न बघताच सांगत होता, "नवऱ्याशी भांडण झालं म्हणते. जरा समजूत घाला, आम्ही घेऊन जातो." लिहिणाऱ्यानं तसंच लिहायला घेतलं. माझ्याबरोबर महिला समुपदेशन केंद्रातली एक कार्यकर्ती होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा." तो गेल्यावर तिनं बाईपुढं कागद-पेन ठेवलं. बाईनं दोन खोल्यांचं घर काढलं, मागचं दार काढलं, मागच्या खोलीत फुली मारली आणि दीर नुकताच जिथून बाहेर पडला होता, त्या दरवाजाकडं बोट केलं.

कायदा त्या कार्यकर्तीच्याच बाजूनं होता. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री दिव्यांग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाषक वा विशेष शिक्षकाच्या मदतीनं जबाब नोंदवायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. ही तरतूद 2013 च्या दुरुस्तीनं आली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही ती आहे. पण रात्री दहा वाजता ठाणे अंमलदारानं दुभाषक शोधायचा कुठं? त्यात आणखी एक अडचण आहे. कर्णबधिर शाळेची पायरीच न चढलेल्या खेड्यातल्या बाईला भारतीय सांकेतिक भाषा येत नसते. तिच्या खुणा घरात घडलेल्या, घरच्यांनाच कळणाऱ्या. अशा वेळी दुभाषकाच्या जोडीला एखादी अनुभवी कर्णबधिर व्यक्तीच लागते, जी चित्रांतून, अभिनयातून तिच्यापर्यंत पोचू शकते. अशा माणसांची नावं, फोन आणि ठरलेलं मानधन प्रत्येक जिल्ह्यात तयार हवं, आणि ती यादी ठाण्याच्या भिंतीवर लावलेली हवी.

बोलणं पोचलं तरी विश्वास ठेवला जाईलच असं नाही. "हिला कुठं दिसतं, ही काय ओळखणार" हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये पटन जमाल वली खटल्यात याचं उत्तर दिलं. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीनं आपल्यावर अत्याचार करणाऱ्याला आवाजावरून ओळखलं होतं. दिव्यांग साक्षीदाराची साक्ष निव्वळ त्या कारणानं कमी वजनाची ठरत नाही, असं न्यायालयानं बजावलं. तिचं बाई असणं, दलित असणं आणि अंध असणं एकमेकांपासून सुटं करून पाहता येणार नाही, हेही सांगितलं. पोलिसांचं आणि न्यायाधीशांचं प्रशिक्षण, विशेष शिक्षक आणि दुभाषकांची नोंदवही, गुन्ह्यांच्या आकडेवारीत दिव्यांगत्वाची वेगळी नोंद, हे सगळं त्या निकालात सुचवलेलं आहे.

आता केंद्रांकडं येऊ. 2015 पासून देशभर सखी केंद्रं सुरू झाली. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा एका छताखाली, ही कल्पना उत्तमच आहे. पण रॅम्प आहे आणि संडासाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही, तर त्या रॅम्पचा उपयोग काय? मदतवाहिनी व्हिडिओ कॉल आणि मेसेज घेत नसेल, तर कर्णबधिर बाईनं कुणाला सांगायचं? निवाऱ्याच्या दारात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आमच्याकडं हिचं करायला माणूस नाही". दुसरं, "डोक्याचा त्रास असलेल्या बायका आम्ही घेत नाही." म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तिलाच परत पाठवायचं, तेही त्याच घरात.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिकेनं हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्रामागचा विचार मला इथं फार मोलाचा वाटतो. बाई दवाखान्यात गेली तर घरात संशय येत नाही. दिव्यांग बाईला तर सरकारी रुग्णालयात जावंच लागतं, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी किंवा नर्सनं घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवावं आणि तिला विचारावं, घरी सगळं ठीक आहे ना? यासाठी नवी इमारत लागत नाही.

पैशाचंही अडायला नको. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतला 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून वस्तुवाटप होतं, फोटो निघतात. त्याच निधीतून दुभाषकाचं मानधन, रिक्षाचं भाडं, निवाऱ्यातल्या मदतनीस बाईचा पगार का देऊ नये? जिल्हा परिषदेच्या सभेत हे मागता येतं, ग्रामसभेतही मागता येतं.

माझ्या मते अशा सेवेला तीनच निकष लावावेत. घरातल्या कुणाच्याही मदतीशिवाय तिला तिथं पोचता येतं का, आपलं आपण सांगता येतं का, आणि परत त्या घरात जायचं नसेल तर राहता येतं का? तिन्हींचं उत्तर हो येत नाही, तोवर ते केंद्र तिच्यासाठी सुरू झालेलंच नाही.

आणि शेजाऱ्यांनो, तुमच्याही हातात बरंच आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल त्या माणसावर कारवाई होत नाही. दिव्यांग हक्क कायद्यानुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं, म्हणजे तहसीलदारांकडंही कळवता येतं. पलीकडच्या घरातली ती मुलगी बरेच दिवस ओट्यावर दिसली नसेल, तर चौकशीला जा. भावाला विचारून परत फिरू नका. तिला भेटा, आणि तिलाच विचारा.